एकशे चव्वेचाळीसनंतरचं पान

धाड, ९ जून २०२५

वैष्णवी,

वर आशीर्वाद लिहायला हात गेला होता, मागे घेतला. आधी विचारायचं ते विचारते.

पाच दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. तुझा पुण्याचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. रुख्मिणीवहिनींनी विचारलं, "पत्र काऊन? फोन बिघडला का?" मी म्हटलं, हो, बिघडला. खरं तर फोनमध्ये टाकलेलं कुठून कुठे जाऊन पोचतं, याची आता मला धास्ती वाटते. कागद निदान एका वेळी एकाच्याच हातात असतो.

बुलडाण्याच्या कौशल्य केंद्रात मी दोन तारखेपासून जाते. अर्ज शिक्षिकेचा केला होता. एकतीस वर्षं ब्लाऊज शिवली, चाळीसेक पोरी तयार केल्या, त्यात तू एक. मॅनेजर तुझ्यापेक्षाही लहान असेल. तो म्हणाला, "मावशी, शिकवायला आता स्क्रीन आहे. एआय. तुम्ही सहायक म्हणून या." सहायक तर सहायक. मी मशीनला तेल घालते, सुया बदलते, सकाळी बावीस टॅब चालू करते. त्यात मला कमीपणा वाटला नाही, तुला माझा स्वभाव माहीत आहे.

चार तारखेला खांद्याचा धडा होता. पोरी त्या स्क्रीनला मॅडम म्हणतात. मॅडम अगदी पुणेरी, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "पाणी वाहणाऱ्या बाईचा उजवा खांदा अर्धा इंच खाली असतो. खांद्याला कळू देऊ नका, बाहीत जिरवा." पोरींनी ते लिहून घेतलं. मी तेलाची बाटली हातात घेऊन उभी राहिले. हे वाक्य कुठल्या पुस्तकात नाही. ते माझ्या मापाच्या वहीत आहे, पान एकसष्ट, निळ्या शाईत.

पुढे दिवसभर माझीच वाक्यं ऐकली. बाई हसताना तिच्याकडे बघा, मग गळा किती खोल ते ठरवा. कापड आणल्या आणल्या कापू नका, रात्रभर उलगडून ठेवा. एका पोरीचा मुंढा, बाही जोडायची गोलाई, बगलेत आवळला तेव्हा मी सांगायला पुढे झाले, तर ती म्हणाली, "थांबा मावशी, मॅडमले विचारते." मॅडमनं जे सांगितलं ते मीच सांगणार होते.

दिवाळीत तू माझ्याकडे आली होतीस. मी फराळाचं काढायला आत गेले आणि तू पलंगावर बसून वहीचे फोटो काढलेस, एकशे नव्वद पानांचे. मला न विचारता. हे धडे बनवणाऱ्या तुझ्या कंपनीत देण्यासाठी काढलेस का, एवढंच मला सांग. एका शब्दात सांगितलंस तरी चालेल.

बाकी ठीक. केंद्रातही मला कुणीतरी तुझ्या लग्नाच्या ब्लाऊजवरून चिडवलं. बगलेत वेगळ्या कापडाची पट्टी, अल्बमच्या पहिल्याच फोटोत दिसते. एकतीस वर्षांत पुष्पाच्या हातून एकच ब्लाऊज चुकलं आणि तेही तिच्या लाडक्या पोरीचं, असं अख्खं धाड म्हणतं. मी हसले. दुसरं काय करणार.

पुष्पा मावशी


धाड, १७ जून २०२५

वैष्णवी,

उत्तर नाही. ठीक आहे. आता मी विचारत नाही, सांगते.

काल केंद्रात एका पोरीनं स्क्रीनला विचारलं, बाईच्या दोन्ही बाजू सारख्या नसतील तर अस्तर कसं कापायचं. प्रश्न साधा होता. मॅडम म्हणाल्या, "आपण एक उदाहरण पाहू." आणि बावीस पोरींसमोर वाचून दाखवलं: "चक्कीवाली. डावी बाजू काढलेली, २०१७चं ऑपरेशन. अस्तरात जुन्या धोतराच्या चार घड्या, त्यात जवसाची पुरचुंडी, म्हणजे वजन येतं आणि ब्लाऊज वर चढत नाही. दर दिवाळीला जवस बदलणे. नवऱ्याशिवाय घरात कुणाला माहीत नाही. कुणाला सांगायचं नाही."

शेवटचं वाक्यसुद्धा तिनं त्याच गोड आवाजात वाचलं.

त्या बावीस पोरींत धाडच्या सहा आहेत. धाडमध्ये चक्कीवाली एकच. आणि तिची सून डिंपल दुसऱ्या रांगेत बसली होती. सासूला कॅन्सर झाला होता, सासूची एक बाजू काढली आहे, हे त्या पोरीला लग्नानंतर तीन वर्षांनी शिवणाच्या वर्गात कळलं. तिच्या हातातली कातर तशीच उघडी राहिली. कुणी एक पोरगी फिस्सकन हसली. मी जाऊन स्क्रीन बंद केली, पण ऐकलेलं कसं बंद करणार.

तुला हे सगळं मी कशाला समजावतेय. वहीत मी कधी नावं लिहिली नाहीत, हे तुला माहीत आहे. चक्कीवाली, टाकीजवळची, पोस्टामागची, थोरल्या घरची धाकटी. पन्नास पन्नास बायका, निम्म्यांची नावं सारखी, मग दुसरं काय लिहिणार. मला वाटायचं, नाव नाही म्हणजे झाकलेलं आहे.

डिंपलनं संध्याकाळी उंद्रीला आईला फोन केला. तिला दोष देत नाही, पोरगी घाबरली होती. पण तिच्या नणंदेचं, अर्पिताचं लग्न उंद्रीलाच ठरत होतं, डिंपलच्या चुलतभावाशी. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. आज सकाळी निरोप आला, जरा थांबू. तो आजार आईकडून पोरीत उतरतो का, असं त्यांनी विचारलं आहे.

दुपारी अन्नपूर्णाबाई स्वतः माझ्याकडे आल्या. तू त्यांना ओळखतेस, पीठ लागलेल्या पापण्या, कुणाशी दोन शब्दांवर तिसरा नाही. आठ वर्षांपूर्वी पोरांना गर्भपिशवीचं ऑपरेशन सांगून त्या दवाखान्यात गेल्या होत्या. परत आल्यावर माझ्याकडेच आल्या, दार लावून घेतलं आणि पदर बाजूला केला. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं.

आजही त्या ओरडल्या नाहीत. उभ्या उभ्याच विचारलं, "पुष्पा, तू लिहलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही. वैष्णवीनं तिच्या मनानं टाकलं असंल. तिले माहीत होतं सगळं."

त्या निघून गेल्या. तुझं नाव मी घेतलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही, हेही तुला कळू दे.

पुष्पा मावशी


धाड, १ जुलै २०२५

वैष्णवी,

तुझा आवाजाचा मेसेज मिळाला. चव्वेचाळीस सेकंद. इतके दिवस तोंड बंद ठेवून चव्वेचाळीस सेकंद.

तू म्हणतेस, "मावशी, नावं तर वहीत नव्हतीच ना. मला वाटलं तुमचं ज्ञान वाया जाऊ नये. तुमच्यामुळे हजारो मुली शिकतील." बोलताना मागे तुझा शिवम काहीतरी मागत होता, तू त्याला गप्प केलंस. तेवढा भाग मी तीनदा ऐकला.

कंपनीचं पाकीटही आलं. आत एक सन्मानपत्र, प्लास्टिक लावलेलं, त्यावर ज्ञान-सहयोगी असं लिहून पुढे माझं नाव. खाली सोनेरी शिक्का. सोबतच्या पत्रात म्हटलं आहे की वैयक्तिक ओळख काढून टाकली होती, तरी ते उदाहरण आता बंद केलं आहे, मात्र यंत्र जे शिकलं ते वेगळं करून परत काढता येत नाही. हे शेवटचं मला पटलं. माझ्या पोरींच्या हातात गेलेला माझा मुंढा मलाही परत घेता येत नाही. तुझ्या हातात तो अजून असेल.

पण त्या पत्रात एक ओळ होती, ती मी बोट ठेवून पुन्हा वाचली. माझं अक्षर यंत्राला वाचता येत नव्हतं, म्हणून "आमच्या सहकारी वैष्णवी यांनी संपूर्ण वही स्वतः टाइप करून दिली."

म्हणजे फोटो काढून दिले आणि विषय संपला, असं नव्हतं. तू बसलीस. पान पान वाचलंस. चक्कीवाली कोण हे यंत्राला माहीत नव्हतं, कंपनीच्या साहेबाला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. त्यांच्या चक्कीवर तू लहानपणी दळण घेऊन जायचीस, त्या तुझ्या डब्यात वरून मूठभर पीठ जास्त घालायच्या. त्यांची ओळ वाचलीस आणि टाइप केलीस. मग पुढची ओळ, कुणाला सांगायचं नाही. तीही टाइप केलीस.

मी अडाणी बाई, माझी चूक समजू शकते. तुझी मला समजत नाही.

केंद्र सोडलं. मॅनेजर म्हणाला, मावशी, तुमचीच तर वही आहे, तुम्ही राहा, पोरींना बरं वाटेल. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. घरीही काम राहिलेलं नाही. टाकीजवळची आली आणि न शिवलेली तीन कापडं परत घेऊन गेली. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पोस्टामागच्या बाईनं पोरीला पाठवलं, "मावशी, आईचं माप वहीत आहे का? असंल तं ते पान द्या." मी पान फाडून दिलं. आतापर्यंत सतरा पानं दिली. बायका दारातूनच घेतात, आत येत नाहीत. ज्या खोलीत बायका माझ्यासमोर हात वर करून उभ्या राहायच्या आणि मनातलं सगळं बोलायच्या, तिथे आता मी एकटी रेडिओ लावून बसते.

अर्पिताचं अजून थांबलेलंच आहे.

पुष्पा


धाड, २१ जुलै २०२५

वैष्णवी,

आज राग जरा कमी आहे, म्हणून खरं ते लिहून टाकते. उद्या पुन्हा जमेल न जमेल.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तू न विचारता फोटो काढलेस. तसं नाही. तू विचारलं होतंस. "मावशी, वहीचे फोटो काढू? आठवण म्हणून." मी आतून ओरडले होते, "काढ व माय, तुह्याशिवाय कोण विचारतं त्या वहीले." मला आनंद झाला होता. पुण्याला गेलेल्या पोरीला माझ्या वहीची किंमत आहे, म्हणून अनारसे चार जास्त बांधून दिले. आठवण म्हणून म्हणालीस, तेवढं मात्र तुझ्या माथी.

दुसरं, अन्नपूर्णाबाईंशी मी खोटं बोलले. ते वाक्य मीच लिहिलं होतं. त्यांनी वचन घेतलं होतं की तोंडून काढणार नाही. तोंडून काढलं नाही, लिहून ठेवलं. एकतीस वर्षांची सवय, टेप खाली ठेवला की पेन उचलायचं. लिहिलं की ते कुठे जात नाही असं मला वाटायचं.

परवा चक्कीवर गेले. बाईंचे यजमान निवृत्तीभाऊ बाहेर पोती उचलत होते, त्यांनी मला पाहून मान वळवली. आत अन्नपूर्णाबाई एकट्या होत्या. चक्कीच्या आवाजात मला ओरडून सांगावं लागलं, "मी खोटं बोलली. ते मीच लिहलं होतं."

त्यांनी बटण दाबलं. पट्टा पूर्ण थांबू दिला.

"काऊन लिहलं?"

"घड्या किती, जवस किती, पुढच्या खेपेले विसरीन म्हणून."

"मी विसरली का एक दिवस तरी?"

मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. रडल्या नाहीत. खुंटीवरून एक कापड घेऊन डब्याचं तोंड पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याच्यात जवस किती असते ते सांग. यंदापासून मी माझी बदलीन."

मी सांगितलं, "दोन मुठी, माह्या मुठीनं. तुमची मूठ मोठी आहे, तुम्ही दीडच घ्या. जवस आधी उन्हात ठेवा. पुरचुंडी गच्च बांधू नका, हातात धरली की हालली पाहिजे."

"पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं. त्यांनी ओठ हलवत पाठ केलं. लिहून दे असं त्या म्हणाल्या नाहीत. चक्कीत भिंतीला खडूचा तुकडा टांगलेला असतो, दळणाचं वजन लिहायला. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मग बटण दाबलं आणि मला जायला सांगायची गरज राहिली नाही.

तू त्यांच्यासमोर एकदा येऊन उभी राहा. त्यानं अर्पिताचं लग्न जुळेलच असं नाही. पण मी माझ्या वाटणीचं जाऊन कबूल केलं. तुझ्या वाटणीचं मी कसं कबूल करू?

पुष्पा


धाड, १४ ऑगस्ट २०२५

वैष्णवी,

हे पत्र घरी न पाठवता तुझ्या ऑफिसात, रजिस्टर पोस्टानं पाठवतेय. पत्ता त्या सन्मानपत्रावरच होता. का ते पुढे कळेल. एकटी असताना वाच.

उंद्रीकडून शेवटचा नकार आला. अर्पितानं स्वतः फोन घेतला आणि बरं म्हणाली, असं ऐकलं. तू आली नाहीस.

नकार आला त्या दिवशी तुझी आई भिंतीवरून मला म्हणाली, "माह्या पोरीले काऊन दोष देतं? तिच्या लग्नातही तूच चुकली होती, आता वहीतही तूच चुकली. हातच तसा तुहा." गल्लीतल्या दोघी तिघी ऐकत होत्या. सात वर्षं मी हे हसून घेतलं. तुझ्या लग्नानंतर वर्षभर वहिनी माझ्याशी बोलल्या नव्हत्या, तेही सोसलं. त्या दिवशी नाही सोसवलं. मी आत गेले, पत्र्याच्या पेटीतून एक घडी काढली, पिशवीत टाकली आणि एसटी स्टँडवर गेले. बुलडाण्याला उतरून जळगाव जामोदची गाडी धरली. तुझ्या सासूबाई विमलबाईंचं घर मला माहीत आहे. ती घडी त्यांच्या पुढ्यात ठेवायची आणि चहा न घेता परत यायचं, एवढंच ठरवलं होतं.

वहीची पानं मी स्वतः नंबर घालून ठेवते. टाइप करताना तुला दिसलंच असेल, एकशे चव्वेचाळीसनंतर एकदम एकशे सत्तेचाळीस येतं. मधलं पाठपोट पान तुझं होतं. तुझ्या लग्नाच्या आठवड्यातच मी ते फाडून ठेवलं होतं.

त्या पानावर तुझी दोन मापं आहेत. एक साखरपुड्याचं, एक लग्नाच्या आठ दिवस आधीचं. छाती दीड इंच वाढलेली, कंबर अर्धा. पोरगी लग्नाआधी बारीक होते, धावपळीनं. टेप तुझ्या पाठीवरून पुढे आणला तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस आणि मला कळलं. मी काही विचारलं नाही. ब्लाऊज आधीच कापून झालं होतं, तसं कापड पुन्हा मिळणार नव्हतं, म्हणून बगलेत पट्टी जोडली आणि तुझ्या आईला सांगितलं, मी मापच चुकीचं वाचलं. शिवम सातव्या महिन्यातच झाला, असं तुझ्या सासरी सगळ्यांनी मानलं. मी तेव्हा विचारलं नाही, आजही विचारत नाही.

मोताळा मागे पडलं तशी मी ती घडी उघडली. विमलबाईंना नेमकी कुठली ओळ दाखवायची ते बघावं म्हणून. खाली माझ्याच अक्षरात होतं, कुणाला सांगायचं नाही. हेच शब्द अन्नपूर्णाबाईंच्या पानावर होते. मी किती पानांवर हे लिहिलं असेल कुणास ठाऊक. एक पान फाडून पेटीत ठेवायचं सुचलं, ते फक्त तुझ्यासाठी सुचलं. बाकीच्या बायका तशाच वहीत राहिल्या, कारण त्या माझ्या लाडक्या नव्हत्या. याची मला लाज वाटते.

नांदुऱ्याला उतरले. स्टँडवर चहा घेतला, परतीच्या गाडीत बसले.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. टाइप करताना तू तुझं पान शोधलं असशील. माणूस आधी स्वतःचंच शोधतो. ते नाही हे पाहून तुला हायसं वाटलं असेल. मावशीनं आपल्याला सांभाळलं, हे तुला त्या क्षणी कळलं होतं, वैष्णवी. आणि मग तू एकशे सत्तेचाळिसावं पान टाइप करायला घेतलंस. ते चक्कीवालीचं होतं.

मला यंत्राचा राग नाही. त्याला जे वाचायला दिलं ते त्यानं वाचलं.

मी आता वही ठेवत नाही. गेल्या आठवड्यात डिंपल आली, एकटी, सासूनं पाठवलं का ते बोलली नाही. तिचं माप घेऊन चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी तिच्याच हातात दिली. शिवायला बसेन तेव्हा घेऊन ये म्हटलं. ती मान डोलावून हाव म्हणाली आणि चिठ्ठी ब्लाऊजमध्ये खोचून गेली.

तुझं पान सोबत आहे. घडीवर जीर्ण झालं आहे, उघडताना जप. फाडायचं तर फाड, ठेवायचं तर ठेव.

शिवमला आशीर्वाद. तुला अजून नाही.

पुष्पा मावशी

ता. क. या पानाचा फोटो काढलेला नाही.